अल्टोचा क्लच घरी बदलताना

क्लच घरी बदलला की पैसे वाचतात असे कोणी सांगितले, तर आपल्याकडच्या लहान गाड्यांपुरते तरी ते खरे मानू नये. माझ्या २००९ सालच्या अल्टोसाठी क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग असा पूर्ण संच अडीच-तीन हजार रुपयांच्या घरात मिळाला, आणि साताऱ्यात गॅरेजवाल्यांनी मजुरी त्याहून थोडी कमीच सांगितली होती. घरी काम करायचे म्हणून जॅक स्टँडची जोडी, गोट्यांची (सॉकेटची) पेटी आणि ठरावीक जोराने आवळणारा टॉर्क पाना विकत घेतला तेव्हाच ती मजुरी संपून वर खिशाला चाट बसली होती. तरीही काम घरीच करायचे ठरवले, त्यामागचे कारण वेगळे होते. क्लचच्या कामात प्लेटचा निर्णय सर्वांत सोपा असतो. ती झिजलेली असते आणि बदलायचीच असते. विचार करायला लावणारे प्रश्न तिच्या आजूबाजूला असतात. प्लेट ज्यावर दाबली जाते त्या फ्लायव्हीलचा (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाचा) पृष्ठभाग वापरण्याजोगा उरला आहे का, क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) तेल अडवणारे मागचे सील पाझरते आहे का, रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कच्या शाफ्टला खेळ (ढिलेपणा) आला आहे का, हे सगळे गिअरबॉक्स खाली उतरल्यावरच दिसते आणि पुन्हा वर चढवला की पुढची कित्येक वर्षे दिसत नाही. गिऱ्हाईक संध्याकाळी गाडी न्यायला येणार आहे, या घाईत असलेल्या मेकॅनिकला नेमके तिथे थांबायला वेळ नसतो. मला तिथे थांबायचे होते.

क्लच गेला आहे हे ठरवण्यापूर्वी तो खरोखरच गेला आहे का, हे तपासणे आवश्यक होते. लक्षण नेहमीचेच होते. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, परंतु गाडीचा वेग तिथल्या तिथेच राहायचा, आणि थोड्या वेळाने जळक्या पुठ्ठ्यासारखा वास आत यायचा. क्लच घसरतो आहे एवढे यावरून निश्चित होते. मात्र घसरण्याचे कारण प्लेटच आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. या गाडीचा क्लच केबलवर चालतो. प्लेट झिजून पातळ होते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने पुढे सरकते, आणि तिच्या डायफ्रॅम स्प्रिंगची (चकतीसारख्या स्प्रिंगची) बोटे उलट दिशेने, म्हणजे रिलीज बेअरिंगकडे, मागे येतात. त्यामुळे केबलमधली ढील हळूहळू संपत जाते. ती वेळोवेळी सोडली नाही, तर पेडलवर पाय नसतानाही बेअरिंग त्या बोटांना दाबून धरते आणि धडधाकट प्लेटसुद्धा घसरू लागते. पेडल वर येऊन क्लच लागतो म्हणून अनेक जण केबल आणखी ताणून घेतात, हे तर दुखण्यावर उलटे औषध आहे. मी रिलीज आर्मच्या (केबल ज्याला ओढते त्या दांड्याच्या) टोकाशी असलेला समायोजनाचा नट सोडून पुरेशी ढील दिली, तरी चढावरची घसरण कायम राहिली. शिवाय त्या नटाला सोडण्यासाठी आटेही जवळपास शिल्लक नव्हते. मग मात्र प्लेटबद्दल शंका उरली नाही.

घरी हे काम झेपेल असे वाटण्याचे मुख्य कारण म्हणजे ही गाडी. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन आडवे बसवलेले, त्याला शेजारी जोडलेला लहानसा गिअरबॉक्स, क्लचला हायड्रॉलिक्स नाही आणि गिअरबॉक्स काढण्यासाठी इंजिनाखालची संपूर्ण चौकट उतरवावी लागत नाही. ड्युअल मास, म्हणजे दोन भागांचे, फ्लायव्हील असलेल्या डिझेल गाड्या, किंवा ज्यांत क्लच बदलल्यावर संगणक जोडून नव्या क्लचची ओळख करून द्यावी लागते अशा स्वयंचलित गिअरच्या गाड्या, यांना मी घराच्या पडवीत हात लावला नसता आणि इतरांनीही लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेतून आणले. तिथे एकाच दुकानात तीन-चार कंपन्यांचे संच समोर ठेवले जातात आणि दुकानदार गाडीचे वर्ष विचारून हातात खोका देतो. मी एक्सेडीचा संच घेतला. या कंपनीचा कारखाना आपल्याच छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत आहे. अर्थात निवड त्या अभिमानापोटी केली नव्हती, तर त्या खोक्यात रिलीज बेअरिंगही होते म्हणून केली. त्यासोबत क्रँकशाफ्टचे मागचे सील, गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही एक्सलची (दांड्यांची) सील, फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसणारे छोटे बेअरिंग, नवी क्लच केबल आणि चाकांच्या हबचे (मधल्या तुंब्याचे) नवे नट घेतले. या किरकोळ वस्तूंची किंमत फार नसते, पण रविवारी दुपारी गाडी स्टँडवर उघडी पडलेली असताना एखादे सील नाही असे लक्षात येणे महागात पडते.

मदतीला शेजारचे काका होते. ते एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. मोठ्या गाड्यांचे क्लच त्यांनी आयुष्यभर बदलले होते, आणि अल्टोचा गिअरबॉक्स त्यांच्या दृष्टीने खेळणे होते. तरीसुद्धा त्यांनी पहिली अट जॅकबाबत घातली. "नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली शिरलास, तर मी घरी जाईन," असे त्यांनी बजावले. त्यामुळे सिमेंटच्या सपाट कोब्यावर गाडी लावून मागच्या चाकांना पुढून-मागून दगड दिले, पुढचा भाग उचलून स्टँडवर टेकवला आणि स्टँडवर बसलेली गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहिली. उंचीचा विचार इथेच करावा लागतो. खाली झोपून काम करता येईल एवढी उंची पुरत नाही. उतरवलेला गिअरबॉक्स बंपरखालून बाहेर सरकवता येईल एवढी जागा लागते.

हबचे नट मात्र गाडी उचलण्यापूर्वी, चाके जमिनीवर असतानाच सोडवले होते. हे नट अत्यंत घट्ट आवळलेले असतात आणि सुटू नयेत म्हणून त्यांची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती कड छिन्नीने नीट उचलल्याशिवाय पाना लावला, तर शाफ्टचे आटे खराब होण्याची भीती असते. माझा पुतण्या ब्रेकवर पाय देऊन बसला, मी टॉमीवर (पान्याच्या दांड्यावर) लांब पाइप चढवला आणि त्यावर जवळपास उभा राहिलो, तेव्हा नट कुरकुरत फिरले. गाडी कोकणात राहिलेली असती तर गंजामुळे याच नटांनी सकाळ खाल्ली असती.

पुढची सोडवणूक कंटाळवाणी होती आणि तिचे वर्णनही तसेच होईल, म्हणून थोडक्यात सांगतो. बॅटरीची ऋण तार आधी काढली, मग बॅटरी आणि एअर फिल्टरची पेटी. गिअर ऑइल खाली काढून घेतले, कारण एक्सल बाहेर आले की ते नाहीतरी जमिनीवरच येते. स्पीडोमीटरचे कनेक्शन, रिव्हर्स लाइटची वायर, क्लच केबल, गिअर बदलणारा दांडा आणि त्याला आधार देणारी दुसरी सळई, हे सगळे सोडवले. स्टार्टरचे बोल्ट काढल्यावर तो वायरींना लोंबकळत ठेवला नाही, तर तारेने बाजूला बांधला. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट त्याच ठिकाणी परत जावेत म्हणून पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचे ढोबळ चित्र काढून त्यात भोके पाडली आणि बोल्ट तिथेच खोचून ठेवले. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) बोल्टांची लांबी सारखी नसते, त्यामुळे हा पुठ्ठा पुढे सर्वांत उपयोगी ठरला.

एक्सल काढण्याचे दोन मार्ग आहेत. शॉकॲब्सॉर्बरला नकलशी (हब धरणाऱ्या भागाशी) जोडणारे दोन बोल्ट काढले की हब बाहेर कलतो, आणि घाईच्या कामात बहुधा असेच करतात. परंतु त्यामुळे चाकाचा कल बदलतो आणि नंतर अलाइनमेंट करून घेणे आले. त्याऐवजी खालच्या आर्मच्या बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट काढून आर्म खाली दाबला तर ती भानगड उरत नाही. आम्ही दुसरा मार्ग धरला. एक्सलचे आतले टोक गिअरबॉक्समध्ये एका लहान कडीने अडकलेले असते, त्यामुळे ते हाताने ओढून निघत नाही. तिथे पहार किंवा चपटी टॉमी लावून एक नेमका झटका द्यावा लागतो. शाफ्टला धरून ओढले तर जॉइंट आतल्या आत निखळतो आणि रबरी बूट फाटतो.

आता इंजिनाचा प्रश्न आला. गिअरबॉक्सच्या बाजूचे माउंटिंग सोडले की इंजिनाचा त्या बाजूचा आधारच जातो. इंजिनाचे तेल साठवणारा खालचा सम्प पातळ पत्र्याचा असतो, तेव्हा त्याला थेट जॅक लावणे म्हणजे पत्रा चेपवून घेणे. आम्ही जॅक आणि सम्प यांच्यामध्ये रुंद लाकडी फळी ठेवली, आणि त्यावर विसंबून न राहता बोनेटच्या दोन्ही बाजूंच्या भक्कम कडांवर माळ्यावरचा एक सागवानी वासा आडवा टाकून इंजिनाच्या उचलण्याच्या कडीला साखळीने बांधला. वासा घेण्याची कल्पना काकांची होती. त्यानंतर बेल हाउसिंगचे उरलेले बोल्ट काढले, गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक धरला आणि इंजिन व गिअरबॉक्स यांच्या फटीत चपटी टॉमी घालून हलकेच जोर दिला. गिअरबॉक्स डॉवेल पिनांवरून (जागा नेमकी राखणाऱ्या खुंट्यांवरून) सुटून सरळ मागे आला. इथे त्याला खाली झुकू द्यायचे नसते, कारण त्याचा शाफ्ट अजून प्लेटच्या मधोमध असतो आणि सगळा भार त्या शाफ्टवर येतो. शाफ्ट पूर्ण बाहेर आल्यावरच आम्ही तो खाली घेतला.

मला जे पाहायचे होते ते आता समोर होते. प्रथम धूळ. क्लचच्या जुन्या अस्तरांत (प्लेटवरच्या घर्षणाच्या थरांत) ॲस्बेस्टॉस असू शकते, आणि प्लेटवर काही लिहिलेले नसेल तर ते आहे असेच समजावे. काँप्रेसरची हवा मारून बेल हाउसिंग स्वच्छ करणे ही सर्रास दिसणारी पद्धत आहे, आणि ती धूळ श्वासावाटे आत जाते. आम्ही तोंडाला मास्क लावून ओल्या फडक्याने सगळे पुसले आणि फडकी पिशवीत बांधून टाकली. काकांना हे नवे होते. त्यांच्या काळात तोंडाने फुंकर मारून प्लेट साफ करत असत असे ते म्हणाले, आणि मग स्वतःच मास्क मागून घेतला.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे करून सैल केले. एकाच बाजूचे बोल्ट पूर्ण काढले तर स्प्रिंगच्या जोराने कव्हर वाकडे होते. प्लेट हातात आली तेव्हा घसरण्याचे कारण नखालाच कळले. अस्तर ज्या रिव्हेटांनी बसवलेले असते त्यांची डोकी पृष्ठभागापासून किती खोल आहेत, हे झीज मोजण्याचे माप आहे. नव्या प्लेटमध्ये ही खोली १.२ मिलिमीटरच्या आसपास असते आणि ०.५ मिलिमीटरवर प्लेट बदलावी असे सुझुकीचे सर्व्हिस मॅन्युअल सांगते. माझ्या प्लेटच्या एका बाजूला रिव्हेट जवळपास पृष्ठभागाला टेकले होते. आणखी थोडे दिवस चालवली असती तर रिव्हेटांनी फ्लायव्हील कोरून काढले असते.

रिलीज बेअरिंग पाहिल्यावर मात्र राग आला. पूर्वी एका गॅरेजने क्लचचे काम केले होते आणि बिलात पूर्ण संच लावला होता. प्रेशर प्लेट खरोखरच नंतरची होती, परंतु बेअरिंग फिरवल्यावर खरखरत होते, त्याचा चेहरा झिजून खोलगट झाला होता आणि प्रेशर प्लेटच्या बोटांवर पडलेल्या चकचकीत रेघेशी तो जुळत नव्हता. म्हणजे त्या वेळी जुनेच बेअरिंग परत बसवले गेले होते. हे सांगायला कोणताही पुरावा लागला नाही, गिअरबॉक्स खाली असणे एवढेच पुरेसे होते.

फ्लायव्हीलवर निळसर डाग होते, म्हणजे घसरताना ते बऱ्यापैकी तापले होते. असे डाग दिसले की लेथवर फ्लायव्हील घासून आणायचे की तसेच वापरायचे, हा प्रश्न पडतो. नखाने चाचपून ओरखडा अडकत नव्हता, बारीक तडे कुठेही नव्हते आणि पोलादी पट्टी उभी धरून पाहिली तेव्हा तिच्याखाली उजेडाची फट दिसत नव्हती. तडे असते तर मी ते बदललेच असते. आम्ही बारीक पॉलिश पेपर गोलाकार न फिरवता आडवा-उभा फिरवून चकाकी मोडली आणि पेट्रोलच्या फडक्याने पुसून ठेवले. मधले छोटे बेअरिंग बोटाने फिरवले तर अडखळत होते, म्हणून ते ओढून काढून नवे ठोकले. ठोकताना आघात बाहेरच्या कड्यावर व्हावा म्हणून योग्य मापाची गोटी वापरली.

क्रँकशाफ्टच्या सीलपाशी सर्वाधिक वेळ गेला. फ्लायव्हीलमागे ओलसर थर होता. तो इंजिन ऑइलचा की गिअर ऑइलचा हे आधी ठरवावे लागते, कारण दोन्हींचा उगम वेगळा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो आणि तो एकदा नाकात बसला की चुकत नाही. हा थर तसा नव्हता, शिवाय ओल फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला होती. म्हणजे क्रँकशाफ्टचे सील. पाझर अगदी थोडा होता आणि कोणीही म्हणाले असते की चालेल. परंतु हेच तेल वर्षभरात नव्या प्लेटवर आले असते आणि तीनशे-चारशे रुपयांच्या सीलसाठी सगळे काम पुन्हा करावे लागले असते. फ्लायव्हील उतरवून सील बदलले, आणि फ्लायव्हीलचे बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले. घरी काम केल्याचे सार्थक मला या एका ठिकाणी वाटले.

नवी प्लेट बसवताना तिची बाजू पाहावी लागते. मधल्या स्प्रिंगांचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे यायला हवा. उलटी बसवली तर तो फ्लायव्हीलला घासतो. नव्या प्रेशर प्लेटवर गंज न चढण्यासाठी तेलाचा पातळ थर लावलेला असतो, तो पुसून काढला. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस लावले ते इतके थोडे की बोटाला जेमतेम चिकटेल. जास्त लावले तर फिरताना उडून तेच अस्तरावर जाते. नव्या रिलीज बेअरिंगला पेट्रोल किंवा रॉकेल लागू दिले नाही, कारण आतले ग्रीस धुऊन निघते. त्यानंतर संचासोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या दांड्याने प्लेट मध्यावर आणली आणि सहाही बोल्ट पुन्हा समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, सुमारे २३ न्यूटन-मीटरला आवळले. प्लेट एकदा कव्हरखाली दाबली गेली की ती हलत नाही, म्हणून मध्य साधायचा तो बोल्ट सैल असतानाच.

गिअरबॉक्स परत चढवणे हा या कामातला सर्वांत चिवट भाग होता. जॅकवर तो उंचीला आला, शाफ्टचे टोक प्लेटच्या भोकात गेले, आणि शेवटची दोन बोटे फट काही केल्या मिटेना. तेव्हा लांब बोल्ट लावून दोन्ही भाग ओढून घ्यावेत असा मोह होतोच. काकांनी हात धरला. "बोल्टनं गिअरबॉक्स ओढायचा नाही, बाबा. तो हातानं बसला पाहिजे, बोल्ट मग लावायचे." खाचा एकमेकींसमोर आलेल्या नसताना बोल्ट आवळले तर प्लेटचा मधला हब वाकतो किंवा हाउसिंगचा कान तुटतो, आणि ॲल्युमिनियमचा कान जोडणे ही वेगळीच कथा आहे. आम्ही गिअरबॉक्स चौथ्या गिअरमध्ये टाकला, पुतण्याने एक्सलच्या भोकात जुना जॉइंट घालून हळूहळू फिरवला, मी गिअरबॉक्स डावी-उजवीकडे हलवत राहिलो आणि काकांनी जॅक केसभर खाली-वर केला. खाचा जुळल्या तेव्हा तो आपसूक पुढे सरकून डॉवेल पिनांवर बसला.

बाकीची जोडणी उलट क्रमाने झाली. एक्सल आत ढकलल्यावर कडी बसल्याचा आवाज ऐकला आणि ओढून खात्री केली. गिअर ऑइल ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे आणि जीएल-४ प्रतीचे घेतले. जीएल-५ अधिक चांगले असेल असे नावावरून वाटते, परंतु त्यातली काही रसायने सिंक्रोनायझरच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या) पितळी कड्यांना बाधू शकतात, म्हणून कंपनीने सांगितलेलीच प्रत वापरावी. तेल बाजूच्या भोकातून ओघळू लागेपर्यंत भरले, गाडी आडवी सपाट असतानाच. हबचे नवे नट चाके जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने आवळून त्यांची कड खाचेत ठोकली. नवी केबल लावून रिलीज आर्मच्या टोकाशी २ ते ४ मिलिमीटर खेळ ठेवला.

पहिल्यांदा क्लच सोडला तेव्हा गाडी किंचित थरथरली, आणि अधूनमधून थोडा जळका वासही आला. नवे अस्तर बसेपर्यंत दोन्ही अपेक्षित असते. पहिले काही शे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरली नाही, सिग्नलला न्यूट्रल केले आणि वाईहून पाचगणीला चढणारा पसरणी घाट मुद्दाम टाळला. त्यानंतर केबलचा खेळ पुन्हा तपासला तर तो थोडा कमी झाला होता. अस्तर बसताना असे होतेच, तेव्हा नट दीड फेरा सोडला. गाडीखाली पुठ्ठा पसरून रात्रभर ठेवला होता, त्यावर एक्सलच्या सीलखालीही तेलाचा थेंब नव्हता, आणि हबच्या नटांवर छिन्नीची खूण जिथल्या तिथे होती.